तबेल्यातला रोग आणि माणसाचा क्षय

कलकत्ता आणि घोडा ही दोन नावे एकत्र उच्चारली की मराठी माणसाला पहिली आठवण व्हावी ती मराठा खंदकाची. इ. स. १७४२ मध्ये रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगाल्यात उतरले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीच्या आश्रयाने राहिलेल्या गावकऱ्यांनी गावाभोवती खंदक खणावयास घेतला. मराठ्यांचे घोडे काही कलकत्त्यापर्यंत पोहोचले नाहीत. खंदकही अर्धामुर्धाच राहिला; पुढे १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. तथापि बागबाजाराच्या बाजूस ‘मराठा डिच लेन’ या नावाची एक गल्ली राहिली, आणि बंगाली आयांच्या अंगाईगीतांत ‘बर्गी’ राहिले. बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा, बारगिराचा सरकारी. हा भेद प्रथमदर्शनी किरकोळ वाटतो. परंतु घोड्याच्या आजाराचा इतिहास वाचताना तो मला वारंवार आठवतो. घोडा कोणाचा, या प्रश्नावरच त्या आजाराकडे कोण लक्ष देणार हे पुष्कळदा ठरत आले आहे.

मराठ्यांचे घोडे आले नाहीत, पण पुढल्या शंभर वर्षांत दुसरे असंख्य घोडे आले. एकोणिसाव्या शतकात कलकत्ता हे हिंदुस्थानातील घोड्यांच्या आयातीचे एक मोठे बंदर होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स प्रांतावरून ‘वेलर’ हे नाव पडलेले घोडे जहाजांतून हुगळीच्या काठी उतरत, आणि धर्मतळ्याच्या रस्त्यावरील व्यापाऱ्यांच्या तबेल्यांतून लष्कराकडे, साहेबलोकांकडे, संस्थानिकांकडे जात. भाड्याच्या ठीका गाडीला जुंपलेले तट्टू ही त्याच समाजाची खालची पायरी. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट या मार्गावर घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. ती त्याच वर्षी बंदही पडली. परंतु १८८० मध्ये नव्या कंपनीने हा उद्योग पुन्हा हाती घेतला, आणि शतक संपण्याच्या सुमारास तिच्या पदरी सुमारे एक हजार घोडे होते. बंगालच्या दमट उन्हात भरलेला डबा ओढणे हे थंड मुलखातल्या जनावराचे काम नव्हे. १९०२ साली विजेची ट्रॅम धावू लागली, तेव्हा नागरिकांना तो प्रगतीचा चमत्कार वाटला. घोड्यांना काय वाटले असते, हे सांगावयास नको.

या जनावरांची कोणालाच दया नव्हती असे मात्र नाही. कोल्सवर्दी ग्रँट नावाच्या चित्रकाराने १८६१ मध्ये कलकत्त्यात प्राण्यांना क्रूरतेपासून वाचविणारी संस्था स्थापन केली. रायटर्स बिल्डिंगच्या समोर त्याच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभा आहे. गव्हर्नरांच्या आणि सेनापतींच्या पुतळ्यांनी भरलेल्या त्या शहरात मुक्या जनावरांच्या कैवाऱ्याचे ते एक स्मारक. परंतु दयेला चाबूक दिसतो, जखम दिसते. हवेतून, हौदातल्या पाण्यातून आणि एकाच्या तोंडचा तोबरा दुसऱ्याच्या तोंडास बांधल्याने येणारा रोग दिसत नाही. असा एक रोग त्या काळच्या सर्व घोडेबाजारांना पछाडून होता. इंग्रज त्यास ग्लँडर्स म्हणत.

ग्लँडर्सची लक्षणे एकदा वाचली की विसरत नाहीत. घोड्याच्या नाकातून, पुष्कळदा एकाच नाकपुडीतून, चिकट पिवळसर पू वाहू लागतो. नाकाच्या आतल्या पडद्यावर व्रण पडतात, जबड्याखालची गाठ कठीण होते. कधी रोग कातडीखाली शिरतो. मग पायावर आणि अंगावर दोरीसारख्या शिरा उठतात, त्यांवर माळेच्या मण्यांसारख्या गाठी येतात, आणि त्या फुटून वाहू लागतात. या दुसऱ्या रूपास फार्सी हे वेगळे नाव होते. दोन्ही एकच हे कळावयास शतके लागली. सर्वांत फसवे ते तिसरे रूप. घोडा खातो, पितो, काम करतो. थोडासा खोकतो, थोडासा वाळतो. आणि आत त्याच्या फुप्फुसांत बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी साठत असतात. असा घोडा महिनोन्‌महिने एका तबेल्यातून दुसऱ्यात विकला जाई. पशुवैद्यांना खरी धास्ती असे ती याची. शिवाय हा रोग माणसास होतो, आणि माणसास झाला म्हणजे त्या काळी तो बहुधा घेऊनच जाई. माणूस म्हणजे कोण? घोड्यावर बसणारा क्वचितच. खरारा करणारा, नाक पुसणारा, थानाशेजारी गवतावर निजणारा मोतद्दार.

आता या सर्वांशी क्षयाचा संबंध काय, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आला असेल. क्षयाचे जंतू हे मायकोबॅक्टेरियम या कुळातले. मेणचट आवरणाचे, सावकाश वाढणारे, आणि एकदा रंगविले की आम्लाने धुऊनही रंग न सोडणारे असे हे कूळ आहे. महारोगाचा जंतूही त्यातलाच. ग्लँडर्सचा जंतू या कुळाचा नव्हे, दूरचा आप्तही नव्हे. आणि मौज अशी की, ज्या घोड्याला ग्लँडर्स इतक्या सहज गाठतो त्याला क्षय मात्र क्वचितच होतो. गाय, डुक्कर, माकड, कोंबडी यांना होतो तितका घोड्याला होत नाही. झालाच तर तो गुरांच्या किंवा पक्ष्यांच्या क्षयजंतूंमुळे. युरोपात शिंगरांना गाईचे दूध पाजण्याची चाल होती, तेथे तो या वाटेने शिरे. पॅरिसजवळच्या आल्फोर येथील पशुवैद्यक एदमाँ नोकार याने गेल्याच्या मागल्या शतकाच्या अखेरीस घोड्याच्या क्षयाचे पोटातला आणि छातीतला असे दोन प्रकार वर्णिले. घोडा रोडावत जातो. कधी मानेच्या मणक्यांत रोग शिरल्याने त्याला मान खाली नेऊन चरता येत नाही. शवविच्छेदनात दिसणाऱ्या गाठी माणसाच्या क्षयगाठींसारख्या दह्याप्रमाणे मऊ पडलेल्या नसतात. त्या मांसल अर्बुदासारख्या दिसतात, आणि अनुभवी डोळ्यालाही चकवतात.

म्हणजे घोड्याच्या फुप्फुसात गाठी सापडल्या की त्या बहुतेक वेळा ग्लँडर्सच्या असत, क्वचित क्षयाच्या, कधी नुसत्या कृमींच्या. सूक्ष्मदर्शकाचा उपयोग रूढ होण्यापूर्वी या साऱ्यांना एकच नाव होते, गाठ. आणि या एका नावाने फार घोटाळा केला. परंतु याच घोटाळ्यातून वैद्यकाच्या इतिहासातील एक थोर विचार निघाला. त्यासाठी आपल्याला थोडा वेळ कलकत्ता सोडून फ्रान्समध्ये जावे लागेल.

फ्रान्समध्ये घोड्यांच्या वैद्यकाच्या दोन शाळा नामांकित होत्या, एक लियाँची आणि दुसरी आल्फोरची. लियाँवाले म्हणत, ग्लँडर्स सांसर्गिक आहे. आल्फोरवाले म्हणत, जुनाट ग्लँडर्स सांसर्गिक नाही. तो अतिश्रम, निकृष्ट चंदी आणि कोंदट तबेला यांनी होतो. लष्कराने आल्फोरचे ऐकले आणि आजारी घोडे धडधाकट घोड्यांच्या शेजारी बांधून ठेवले. त्याची किंमत किती रेजिमेंटांनी मोजली याचा हिशेब येथे करीत बसत नाही. १८३७ साली पिएर राये या पॅरिसच्या डॉक्टराने वादाला वेगळे वळण दिले. त्याच्या रुग्णालयात तबेल्यात काम करणारा एक मोतद्दार मरण पावला. आजारी घोड्याजवळ तो निजलेला होता. रायेने त्याच्या व्रणांतला पू एका घोडीस टोचला, आणि घोडी ग्लँडर्सने मेली. रोग घोड्याकडून माणसाकडे आणि माणसाकडून पुन्हा घोड्याकडे गेला. त्या मोतद्दाराच्या मरणाने जे सिद्ध झाले ते शाळांच्या पन्नास वर्षांच्या वादविवादाने झाले नव्हते.

यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी झाँ-आंत्वान व्हिलमँ हा लष्करी डॉक्टर क्षयाचा विचार करीत होता. त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. मोहिमेवर उघड्यावर राहणाऱ्या शिपायांपेक्षा बराकीत दीर्घकाळ राहणाऱ्या शिपायांत क्षय अधिक. खेड्यातून आलेले निरोगी तरुण बराकीत खंगतात. याचे कारण हवा, आनुवंशिकता, मनाची खिन्नता असे काहीही सांगितले जात असे. व्हिलमँ लष्करात होता. तबेल्याच्या हकीकती त्याच्या कानी होत्या. त्याने दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली. बराक म्हणजे माणसांचा तबेला. आणि एका खोलीत निजणाऱ्या सोबत्याशी क्षयी शिपायाचे जे नाते, तेच शेजारी जुंपलेल्या घोड्याशी ग्लँडर्स झालेल्या घोड्याचे. मग क्षयही तसाच टोचून देता येईल काय? त्याने क्षयाने मेलेल्या माणसाच्या गाठीतला अंश सशांना टोचला. सशांच्या फुप्फुसांत गाठी उठल्या. ५ डिसेंबर १८६५ रोजी त्याने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे आपला निष्कर्ष मांडला: क्षय हा संसर्गाने जाणारा रोग आहे.

अकादमीतील बड्या मंडळींना हे रुचले नाही. सशाचे काय घेऊन बसलात, हा एक आक्षेप. दुसरा अधिक मानवी होता: हे खरे मानले तर क्षयी माणसाचे घरदार, बायकामुले त्याच्याजवळ जाणार नाहीत, समाज त्याला वाळीत टाकील. या आक्षेपाला आपण हसू नये. त्यात शास्त्र नव्हते, परंतु भीती खरी होती. ग्लँडर्सचा संसर्ग मान्य करावयास पन्नास वर्षे गेली, तरी एकदा मान्य झाल्यावर उपाय सोपा होता. घोड्याला गोळी घालता येते. क्षयी माणसाचे काय करावयाचे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. आणि ज्या प्रश्नाला उत्तर नसते तो प्रश्नच नाकारण्याकडे मोठमोठ्या अकादम्यांचाही कल असतो.

हा भेद कलकत्त्यात अगदी कायद्याच्या भाषेत वाचावयास मिळतो. कलकत्ता तेव्हा हिंदुस्थानची राजधानी होती, आणि १८७९ मध्ये सरकारने ग्लँडर्स व फार्सी यांविषयी एक स्वतंत्र कायदा केला. तो पुढे रद्द होऊन १८९९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. सरकार जाहीर करील त्या भागात निरीक्षक नेमावयाचे. त्यांनी तबेल्यात शिरावे, संशयित जनावर ताब्यात घ्यावे. पशुवैद्याने रोगाचा निर्वाळा दिला की जनावर तत्काळ मारावे आणि जागा शुद्ध करावी. घोडा, तट्टू, खेचर, गाढव सर्वांना हा कायदा लागू. सनाकडे लक्ष द्या: १८७९. ग्लँडर्सचा जंतू अजून कोणी पाहिलेला नव्हता. जंतू दिसण्यापूर्वीच कायदा झाला, कारण घोडा ही मालमत्ता होती आणि लष्कराची गरज होती. बारगिराचा घोडा सरकारचा असतो, म्हणून त्याची मोजदाद असते.

जंतू दिसले ते १८८२ साली, आणि दोन्ही एकाच वर्षी, एकाच परिवारात. २४ मार्च रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कोखने क्षयाचा जंतू दाखविला, आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याचाच साहाय्यक फ्रीडरिख ल्योफ्लर आणि पशुवैद्य श्युट्झ यांनी ग्लँडर्सचा जंतू वेगळा केला. जी दोन चित्रे व्हिलमँने अनुमानाने शेजारी ठेवली होती ती आता बर्लिनच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांत शेजारी उभी राहिली. दोन्ही गाठी करणारे जंतू, परंतु जात वेगळी. गाठ या एका शब्दाचे राज्य तेथे संपले.

दुसऱ्याच वर्षी कोख कलकत्त्यास आला. डिसेंबर १८८३ ते मार्च १८८४ एवढा त्याचा मुक्काम. तो आला होता पटकीच्या मागावर, इजिप्तमधून. बरोबर गाफ्की आणि फिशर हे सहकारी होते. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्याला जागा मिळाली, आणि बेलियाघाटाच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडल्याने त्याचे काम सिद्धीस गेले. घोड्यांच्या ट्रॅम धावणाऱ्या, घोड्यांच्या रोगासाठी चार वर्षांपासून कायदा असणाऱ्या त्या शहरात क्षयजंतूचा संशोधक तीन महिने वावरला. त्या शहरातल्या क्षयी माणसांसाठी मात्र कोणताही कायदा, कोणताही निरीक्षक नव्हता. त्याबद्दल कोखला बोल लावण्याचे कारण नाही; तो ज्या कामाला आला ते त्याने केले. पण हे चित्र मनातून जात नाही.

कलकत्त्याने याच सुमारास घोड्यांच्या वैद्यकाची आणखी एक सेवा केली, आणि ती आपल्या लोकांच्या विशेष अभिमानाची आहे. एशियाटिक सोसायटीच्या ‘बिब्लिओथिका इंडिका’ या ग्रंथमालेत कविराज उमेशचंद्र गुप्त यांनी जयदत्त सूरीचे ‘अश्ववैद्यक’ १८८६ पासून संपादून छापले. शालिहोत्राच्या परंपरेतली ही विद्या. गुरांघोड्यांच्या वैद्याला उत्तरेकडे सालोत्री म्हणतात ते याच नावावरून. इकडे जर्मन जंतुशास्त्र आणि तिकडे संस्कृत अश्ववैद्यक, दोन्ही एकाच दशकात एकाच शहरात. परस्परांची ओळख मात्र झालेली दिसत नाही.

१८९० मध्ये कोखने ट्युबरक्युलिन जाहीर केले. क्षयजंतूंची वाढ करून, त्यांना उष्णतेने मारून काढलेला हा अर्क. तो क्षयावरचे औषध आहे अशी कोखची समजूत होती, आणि सर्व युरोपातून रुग्ण बर्लिनला धावले. औषध म्हणून तो सपशेल फसला. परंतु ज्याच्या शरीरात क्षयजंतू दडलेला असेल त्याच्यात या अर्काने ताप व सूज येते, हे ध्यानात आल्यावर परीक्षेचे साधन म्हणून त्याचे महत्त्व राहिले, विशेषतः गुरांत. रशियन साम्राज्यातील दोन पशुवैद्यांनी हीच युक्ती ग्लँडर्सला लावली. सेंट पीटर्सबर्गला हेल्मान आणि दोर्पातला ओटो काल्निंग यांनी ग्लँडर्सच्या जंतूंपासून तसाच अर्क काढला आणि त्यास मॅलिन हे नाव पडले. काल्निंगला काम करता करताच ग्लँडर्स झाला आणि १८९१ मध्ये तो त्याने गेला. ज्या परीक्षेने पुढे लक्षावधी घोड्यांचा न्याय केला तिच्या जन्मदात्याला तिचा विजय पाहावयास मिळाला नाही.

मॅलिनची रीत अशी. घोड्याच्या खालच्या पापणीत सुईने थेंबभर अर्क टोचावयाचा, किंवा डोळ्यातच थेंब सोडावयाचा. निरोगी घोड्याला थोडीशी सूज येऊन उतरते. रोगी घोड्याची पापणी एकदोन दिवसांत टम्म सुजते, डोळा मिटतो, कोपऱ्यातून पू येतो. नाक कोरडे असो, चाल डौलदार असो, भूक चांगली असो; डोळा सुजला की निकाल लागला. तबेल्यातील सर्व घोडे एका रांगेत उभे करून दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्य रांगेवरून नजर फिरवी, आणि ज्यांचे डोळे मिटलेले असत त्यांना वेगळे काढी. गंमत अशी की, क्षयासाठी हीच परीक्षा घोड्यावर विश्वासार्ह ठरत नाही. निरोगी घोडासुद्धा ट्युबरक्युलिनने पुष्कळदा सुजतो. निसर्गाने या जनावरापुरता दोन्ही रोगांचा स्वभाव निराळा ठेवला आहे.

हे सर्व ज्ञान हिंदुस्थानात रुजले ते प्रथम महाराष्ट्रात. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये जनावरांच्या रोगांसाठी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली, आणि आल्फ्रेड लिंगार्ड हा तिचा प्रमुख झाला. परंतु भरवस्तीत असले जंतू पाळणे धोक्याचे, आणि पुण्याची हवाही त्यांच्या कामास उष्ण. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. प्लेगच्या निमित्ताने १८९७ मध्ये हिंदुस्थानात आलेला कोख मुक्तेश्वरलाही जाऊन आला. तेथून इतर लसींबरोबर मॅलिनही देशभर जाऊ लागले. त्याच १८९३ साली कलकत्त्यात बेलगाछिया येथे बंगालचे पशुवैद्यक कॉलेज निघाले. जुन्या मराठा खंदकाच्या रेषेपलीकडे, फार दूर नाही. पुढे १९१६ मध्ये त्याच परिसरात माणसांच्या वैद्यकाचे कारमायकेल कॉलेज उभे राहिले. आज ते राधागोविंद कर यांच्या नावाने ओळखले जाते.

घोड्याला क्षय सहसा होत नाही, या गोष्टीने माणसाच्या मनात एक आशाही उत्पन्न केली होती. धनुर्वात आणि घटसर्प यांवर घोड्याच्या रक्तापासून रामबाण सीरम निघाले, मग क्षयावर का निघू नये? विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये मार्मोरेकने घोड्यांना क्षयजंतू टोचून त्यांचे सीरम काढले आणि ते युरोपात पुष्कळ वापरले गेले. उपयोग झाला नाही. क्षयाशी लढताना शरीर रक्तातल्या प्रतिद्रव्यांपेक्षा आपल्या पेशींवर अधिक विसंबते, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. घोड्याचे बळ घोड्याजवळच राहिले.

आपल्याकडे हा प्रश्न घोड्याऐवजी गाईच्या बाबतीत विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. मुंबईच्या परळ येथील जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत, जी पुढे हाफकिन संस्था झाली, ग्लेन लिस्टन आणि मो. ब. सोपारकर यांनी मुंबईच्या दुभत्या गुरांना क्षय कितपत होतो याचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय गाईबैल रोगाला विलायती गुरांइतके सहज बळी पडतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. सोपारकरांनी पुढेही वर्षानुवर्षे तो पाठीशी बाळगला. सूर्यप्रकाशात, थुंकीत, धुळीत क्षयजंतू किती काळ जिवंत राहतो याचेही प्रयोग त्यांनी केले. असली कामे वर्तमानपत्रांत येत नाहीत; म्हणून येथे आवर्जून नाव घेतले.

माणसांचे काय झाले? १९२० मध्ये आर्थर लँकेस्टरचे हिंदुस्थानातील क्षयाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शहरांतील दाटी आणि पडद्याची चाल यांवर त्याने बोट ठेवले. कलकत्त्याच्या गल्ल्यांतील अंधाऱ्या आतल्या खोल्यांत तरुण स्त्रिया पुरुषांहून किती अधिक खंगतात, हे आरोग्याधिकाऱ्यांच्या आकड्यांतून दिसत होते. व्हिलमँची बराक येथे जनानखान्याच्या रूपाने उभी होती. वास्तविक ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. सुश्रुताने शोष म्हणजे क्षय, आणि कुष्ठ, यांना एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांत गणले आहे. अंगस्पर्श, श्वास, सहभोजन, एका शय्येवर निजणे ही कारणेही सांगितली आहेत. एकाच मायकोबॅक्टेरियम कुळातले हे दोन रोग त्याने शेजारी बसविले, हा योगायोगच म्हणावयाचा, परंतु सुंदर योगायोग. तरीही क्षयाला दैव, दृष्ट, बायकांची कुचंबणा अशी नावे देऊन घरात झाकण्याची रीत चालूच राहिली. कुमुदशंकर राय यांनी जादवपूरला क्षयरोग्यांसाठी रुग्णालय उभारले, ते या झाकण्याविरुद्ध. आणि क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळविला पाहिजे असा आदेश संबंध देशासाठी निघाला तो मे २०१२ मध्ये. घोड्याच्या ग्लँडर्सविषयी पहिला कायदा १८७९ चा. मधले अंतर एकशे तेहतीस वर्षांचे.

माणसांना घोड्यांसारखे वागवावयास हवे होते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. व्हिलमँच्या विरोधकांची भीती मी वर सांगितलीच आहे, आणि ज्या घरात क्षय शिरला त्या घरातील मुलींची लग्ने मोडत, हे आपल्याकडच्या जुन्या पिढ्यांनी पाहिले आहे. क्षयावर गुणकारी औषध हाती आल्यावरच नोंद ही शिक्षा न राहता मदत होऊ शकली, आणि ती औषधे १९४० नंतरची. माझे म्हणणे एवढेच की संसर्ग म्हणजे काय हे माणसाने तबेल्यात शिकून घेतले, आणि घरी येताना ते विसरला. मधल्या काळात मेले ते पापणी सुजलेले घोडे, आणि त्यांच्याजवळ निजणारे मोतद्दार.

ग्लँडर्स आपल्या देशातून पुरता गेला असेही नाही. बरीच वर्षे तो शांत होता. २००६ मध्ये तो पुन्हा उघड झाला, आणि पहिल्या नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या. त्यानंतर उत्तरेकडील अनेक राज्यांतून घोडे आणि खेचरे यांच्या नोंदी येऊ लागल्या. १८९९ चा जुना कायदा २००९ मध्ये रद्द झाला आणि जनावरांच्या सर्व सांसर्गिक रोगांचा एक सर्वसमावेशक कायदा आला. हरियाणातील हिसारच्या अश्वसंशोधन केंद्रात आता रक्त तपासून निर्णय करतात. पापणीत मॅलिन टोचण्याची पद्धत आपल्याकडे मागे पडली आहे. निर्णय मात्र तोच. रोग ठरला की जनावर मारावयाचे.

क्षयजंतू आणि घोडा यांच्या संबंधातील शेवटची नोंद अगदी निराळ्या प्रकारची आहे. माणसाला क्षयापासून वाचविण्यासाठी काल्मेत आणि गेराँ यांनी गुरांच्या क्षयजंतूला दुर्बळ करून बीसीजी ही लस सिद्ध केली आणि १९२१ मध्ये ती प्रथम एका बालकाला दिली. या जोडीतला गेराँ पशुवैद्य होता. घोड्यांच्या डोळ्याभोवती सार्कॉइड नावाची कातडीची एक अर्बुदे येतात. ती कापली तर पुन्हा येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पशुवैद्यांनी त्या गाठींत बीसीजी टोचून पाहिले आणि कित्येक घोड्यांच्या गाठी विरघळल्या. मायकोबॅक्टेरियम कुळातला हा दुर्बळ झालेला जंतू आज पशुवैद्य घोड्याच्या पापणीतच टोचतात, जेथे एके काळी मॅलिनची सुई टोचून त्याच्या मरणाचा निकाल लावीत असत.